बॅटरीची तोंडी परीक्षा

माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, त्यामुळे काना-मात्रा चुकला तर सांभाळून घ्या. पण हा धडा मी मराठीतच शिकले, तोही आजीकडून, म्हणून मराठी विभागासाठीच लिहिते आहे.

आमचं घर निफाडला. तिथली थंडी तुम्ही दर हिवाळ्यात पेपरात वाचता. जानेवारीत आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशिकला ठरलं होतं, सकाळी सातला पोहोचायचं होतं. आदल्या संध्याकाळी बाबा बाजारातून आले आणि म्हणाले, "सकाळी गाडी जरा कण्हतेय. बॅटरीला पाच वर्षं झाली. बदलून टाकू का?" मी लगेच बॅगेतून मल्टिमीटर काढला. १२.६ व्होल्ट! "बाबा, बॅटरी ठणठणीत आहे, पैसे वाचवा," असं मी अगदी इंजिनिअरच्या थाटात सांगितलं.

पहाटे साडेपाचला किल्ली फिरवली तर नुसतं टक्-टक्. शेवटी शेजारचे दोन काका, बाबा आणि मी, अशा चौघांनी आजीला आत बसवून गाडी ढकलली. गाडी सुरू झाल्यावर आजी शांतपणे म्हणाली, "बारा पॉइंट सहा म्हणजे नापास का गं?"

ऑपरेशन नीट झालं. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना.

माझं कुठे चुकलं?

दोन ठिकाणी. पहिली चूक म्हणजे गाडी नुकतीच चालून आली होती. चार्जिंग थांबल्यावर काही वेळ बॅटरी खऱ्यापेक्षा जास्त व्होल्टेज दाखवते. दुसरी चूक मोठी. मल्टिमीटर बॅटरीकडून जेमतेम एक मायक्रोअँपिअर करंट घेतो. स्टार्टर मोटर मागते शे-दीडशे अँपिअर. म्हणजे मी नुसती जर्नल तपासली, तोंडी परीक्षा घेतलीच नाही!

फर्स्ट इयरचं सूत्र आठवा, V = E − Ir. समजा E १२.६ व्होल्ट आणि करंट १५० अँपिअर. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध १० मिलिओहम धरला तर दीड व्होल्ट पडतो आणि ११.१ उरतात. जुन्या बॅटरीत प्लेटवर लेड सल्फेटचे कडक खडे जमतात, प्लेटचा मसाला गळतो आणि रोध वाढतो. तो ३० मिलिओहम झाला तर साडेचार व्होल्ट आतच खर्च होऊन ८.१ उरतात. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिन ऑइल घट्ट होतं, म्हणून बिंग पहाटेच फुटतं.

तपासायचं कसं?

आधी काळजी. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ काडी पेटवू नका. आत सल्फ्युरिक ॲसिड आहे, चष्मा घाला. अंगठी, कडं काढून ठेवा. आणि मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून बॅटरीला कधीच लावू नका.

१. डोळ्यांनी पाहा. डबा फुगलाय का? टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर आहे का? क्लॅम्प सैल आहे का? कित्येकदा दोष एवढाच असतो.

२. गाडी रात्रभर उभी ठेवून व्होल्टेज घ्या. घाई असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. १०.५ च्या आसपासच अडकली तर सहापैकी एक सेल गेला असण्याची शक्यता मोठी.

३. बुचं उघडत असतील तर हायड्रोमीटरने सहाही सेल तपासा. भरलेल्या बॅटरीत घनता साधारण १.२५० ते १.२८० येते. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तो सेल खराब समजा. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नाही.

४. आता तोंडी परीक्षा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, ओढणी आणि बाह्या पट्ट्यापासून लांब. मीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर धरा आणि दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. व्होल्टेज दहाच्या वर राहिलं तर पास. भरलेली बॅटरीसुद्धा ९.६ च्या खाली गेली तर तिचे दिवस भरले. पण व्होल्टेज छान टिकतंय आणि तरी मोटर रडतेय, तर दोष वायर किंवा स्टार्टरचा.

५. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हे कमी-जास्त करतो. पण व्होल्टेज १२.५ च्या खाली उतरतच चाललं तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा. अशा वेळी नवी बॅटरी घेतली तर तीही आठवड्यात झोपेल.

निकाल देण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करायची, हे विसरू नका. रिकामी बॅटरी आणि मेलेली बॅटरी यांत फरक आहे. उपाशी माणसाला आजारी म्हणत नाहीत!

आमची बॅटरी गॅरेजमध्ये रात्रभर चार्ज केली. सकाळी १२.६ दाखवत होती. किल्ली फिरवली आणि काटा ८.३ वर. बाबांनी दुपारीच नवी आणली.

दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला निघताना आजी गाडीत बसली आणि मला म्हणाली, "आज मोजलंस का गं?" मी म्हटलं, "हो आजी, आणि तोंडी परीक्षाही घेतली."