फोडलेल्या गेममागची माणसं

मी मूळचा खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीचा. सध्या पुण्यात मोबाईल गेम करणाऱ्या एका लहान कंपनीत प्रोग्रामर आहे. आमचा गेम प्ले स्टोअरवर आला आणि थोड्याच दिवसांत त्याची 'अनलिमिटेड कॉइन्स'वाली मॉड एपीके, म्हणजे फोडून बदललेली प्रत, टेलिग्रामवर फिरू लागली. फुकट गेलेल्या कॉइन्सचं नुकसान आम्ही धरूनच चाललो होतो. खरा मार बसला तो दुसरीकडून, आणि तो बाहेरच्या कुणाला दिसत नाही.

गेम मध्येच बंद पडला की त्याचा अहवाल आपोआप आमच्याकडे येतो. कोड नेमका कुठे अडला ते त्यात असतं. फोडलेल्या प्रतींचे अहवालही त्याच ढिगात येऊन पडू लागले. त्यांतली चूक आमच्या कोडमध्ये नव्हतीच, मॉड करणाऱ्याने जिथे बदल केला तिथे होती. नसलेला दोष शोधत आमची माणसं रात्ररात्र जागली.

मग अपडेट आला. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपवर ते बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. एपीके उघडून बदलली की ती सही मोडते, दुसऱ्या सहीने ती पुन्हा बांधावी लागते, आणि अशा प्रतीवर प्ले स्टोअरचा अपडेट बसत नाही. जुनी प्रत काढून टाकावी लागते आणि तिच्याबरोबर फोनमध्ये साठवलेली प्रगतीही जाते. चिडलेली मुलं एक स्टार देऊन मोकळी झाली. तो स्टार आमच्या नावावर पडला. त्या एपीकेत कुणीतरी जाहिरातींचा व्हायरस घातला होता, त्याच्या तक्रारीही आमच्याच पत्त्यावर आल्या.

पुढे नव्या लेव्हल रखडल्या, कारण आम्ही कुलपं बसवत होतो. युनिटीत केलेला गेम उघडणं फार अवघड नसतं. सी-शार्पमधला कोड साध्या पद्धतीने बांधला तर डीएनस्पायसारख्या हत्यारात तो जवळजवळ जसाच्या तसा वाचता येतो. आयएल२सीपीपीने बांधला तर तो मशीनच्या भाषेत जातो, तरी फंक्शनांची नावं मेटाडेटाच्या फाइलीत उरतात. ती नावं झाकायची, जागोजागी तपासण्या घालायच्या, आणि मग आमच्या खानापूर तालुक्यात पोरांच्या हातात असतात तसल्या स्वस्त फोनवर गेम अडखळायला लागतो. ज्याने काहीच फोडलं नाही त्याला हा भुर्दंड पडतो, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

एवढं होऊनही रिव्हर्स इंजिनिअरिंगला, म्हणजे बांधलेला प्रोग्राम उलगडून तो कसा चालतो ते शोधण्याला, मी चोरी म्हणणार नाही. 2021 सालचं 'जीटीए ऑनलाइन'चं उदाहरण घ्या. संगणकावर हा गेम सुरू व्हायला कित्येक मिनिटं लागत. टोस्ट या टोपणनावाच्या एका खेळाडूने सोर्स कोड हातात नसताना नुसत्या चालत्या प्रोग्रामचा माग काढला. सुमारे 10 एमबीची, जवळपास 63 हजार नोंदींची एक यादी गेम इतक्या वेड्यावाकड्या पद्धतीने वाचत होता, की बहुतेक वेळ तिथेच जात होता. त्याने कारण आणि उपाय दोन्ही मांडले. थांबण्याचा वेळ सुमारे 70 टक्क्यांनी उतरला. रॉकस्टारने दुरुस्ती स्वीकारली आणि त्याला 10 हजार डॉलर दिले. त्याच वर्षी, त्याच घरच्या गेमवर दुसरा प्रकार घडला. 'जीटीए 3' आणि 'व्हाइस सिटी' यांचा अख्खा कोड उलटा उलगडून काहींनी नव्याने लिहिला होता आणि सगळ्यांसाठी खुला केला होता. चित्रं-आवाजांसाठी मूळ गेम विकत घ्यावाच लागे, तरीही रॉकस्टारची मालक असलेल्या टेक-टू कंपनीने सप्टेंबर 2021 मध्ये कॅलिफोर्नियात दावा लावला. त्या मुलांची मेहनत पाहून मी थक्क होतो. पण दुसऱ्याच्या कोडची संपूर्ण प्रतिकृती वाटायला काढली की मालक गप्प बसेल, असं समजू नका.

आपल्याकडचा कायदाही हाच फरक करतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 सांगतं, की रीतसर मिळवलेला प्रोग्राम चालवता चालवता त्याचं काम पाहायला, अभ्यासायला, तपासायला हरकत नाही. स्वतंत्रपणे लिहिलेला आपला प्रोग्राम त्याच्याशी जुळवण्यापुरती माहितीही काढता येते, ती दुसरीकडे सहज मिळत नसेल तर. पण हक्क मोडण्याच्या इराद्याने संरक्षणाचं कुलूप तोडलं, तर 2012 साली आलेल्या कलम 65अ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.

गावी गेलो की पोरं 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया'त कदंबाची गाडी नाहीतर लालपरी घालून दाखवतात. बाहेरची गाडी घालायची वाट मालेओ कंपनीने स्वतःच ठेवली आहे. मॉड शिकायचं तर अशा दारातून शिका. माइनक्राफ्टवाल्या मोजांगनेही 2019 मध्ये कोडमधल्या झाकलेल्या नावांची यादी मॉड करणाऱ्यांसाठी स्वतःहून खुली केली. मात्र बस सिम्युलेटरमध्येही दुसऱ्या मुलाने बनवलेलं बसचं मॉडेल उचलून आपल्या नावाने खपवू नका. तो मुलगाही डेव्हलपरच आहे.

ज्या गेमला असं दार नाही, तो उघडायचा तर आपली विकत घेतलेली प्रत, आपला फोन आणि एकट्याने खेळायचा भाग, एवढ्यावर थांबा. ऑनलाइन सामन्याला हात लावू नका; समोर हरणारं पोर खरं असतं. काही वाटायचंच असेल तर फक्त स्वतः लिहिलेला बदल वाटा, आणि तो कुठल्या आवृत्तीवर चालतो ते ठळक लिहा. बांधलेली पूर्ण एपीके कुणालाही देऊ नका, कुणाची घेऊही नका.

आणि उघडताना दोष सापडला तर तो आधी बनवणाऱ्याला कळवा. प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमच्या पानावर डेव्हलपरचा ई-मेल दिलेला असतो. मराठीत लिहिलं तरी चालेल, निदान आमच्याकडे तरी. गेमची आवृत्ती, फोनचं मॉडेल आणि काय केल्यावर काय झालं, एवढं लिहा. आमच्या ऑफिसात अशी पत्रं आम्ही सगळ्यात आधी वाचतो.