रात्री धुवावं, सकाळी घालावं

उधना, सुरत

चि. छकुलीस,


सुरतेतल्या बँकेच्या नोकरीची ऑर्डर तुझ्या हाती पडली त्याच संध्याकाळी तुझी यादी या आत्याच्या फोनवर येऊन धडकली. पंधरा ड्रेस, चार साड्या, दोन ‘काहीतरी फॉर्मल’. खाली लिहिलंस, ‘तू सुरतेला असल्यावर काय, तिथे रस्त्यावर कापड सांडलेलं असतं.’ सांडलेलं असतं, खोटं नाही. अमळनेरहून येणारी प्रत्येक पाहुणी हीच समजूत घेऊन उतरते आणि जाताना दोन पिशव्या जास्त नेते. त्यातलं निम्मं सामान पुढच्या दिवाळीला बोहारणीच्या टोपलीत जातं, हेही तुझ्या घरचंच उदाहरण आहे.

आत्याने रिंग रोडच्या कापड बाजारातल्या एका पेढीत २२ वर्षं हिशेब लिहिले. तिथे येणारे व्यापारी काय उचलतात ते तिने पाहिलं, आणि तिथेच काम करणाऱ्या बायका स्वतःसाठी काय घेतात तेही. या दोन गोष्टींत बरंच अंतर असतं. फोनवर तू ‘हो गं, हो गं’ म्हणत कुकरची शिट्टी मोजत असतेस, म्हणून हे पत्र.

तुझ्या आजोबांनी अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये सुती कापड विणलं आणि त्यांची मुलगी सुरतेत पॉलिएस्टरच्या ताक्यांची बिलं करत बसली. खानदेशातून इकडे आलेल्या कितीतरी घरांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे. लिंबायत, उधना, डिंडोलीत फिरलीस तर अहिराणी कानावर पडेल, महापालिकेच्या मराठी शाळा दिसतील, आणि दारात बसून साड्यांवर टिकल्या-खडे चिकटवणाऱ्या बायका दिसतील. गंमत अशी की जी बाई दिवसभर जॉर्जेटवर खडे लावते, तिच्या स्वतःच्या अंगावर सुती गाऊन असतो. (सुरतेच्या इतिहासात मराठी पेहरावापैकी खरा गाजला तो एकच, १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनात व्यासपीठावर भिरकावलेला जोडा. असो.)

आता मुद्द्याचं. सुरतेच्या आसपास वॉटरजेट माग चालतात. त्यांत आडवा धागा पाण्याच्या बारीक, जोरदार फवाऱ्याने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फेकला जातो. मागाखाली सतत ओल असते. हे जमतं, कारण पॉलिएस्टरचा धागा पाणी पीत नाही. सुती धागा तिथे घातला तर तो भिजून फुगून बसेल. तुझ्या यादीतल्या निम्म्या कपड्यांचे गुण आणि अवगुण या एका गोष्टीत आले. पाणी पीत नाही म्हणून रात्री दोरीवर टाकलेला कुर्ता सकाळी सहाला कोरडा मिळतो. आणि पाणी पीत नाही म्हणूनच मे महिन्यात दुपारी दोन वाजता तोच कुर्ता पाठीला चिकटतो. मध्यम दमट हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, रेशीम ११ च्या आसपास, पॉलिएस्टर जेमतेम ०.४. घामाला जायला जागाच नाही. शिवाय अंगाचं तेल हा धागा घट्ट पकडतो, त्यामुळे वासही लवकर धरतो.

म्हणून काही लगेच ‘आत्या, मग सगळं कॉटनच घेते’ म्हणू नकोस. तुझ्या आजीला विचार.

आजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची तेव्हा तिच्याकडे सहा सुती साड्या होत्या. प्रत्येकीला खळ, प्रत्येकीला इस्त्री, आणि इस्त्री म्हणजे कोळशाची. रविवार त्यातच जायचा. मग गार्डनच्या साड्या आल्या. गार्डन सिल्क मिल्स ही सुरतेची; ‘गार्डन वरेली’तलं ‘वरेली’ हे नाव सुरतेजवळच्या गावाचं. साड्या मोठमोठ्या फुलांच्या छपाईच्या, हातात घेतल्या तर मुठीत मावणाऱ्या. मास्तरणी, नर्स, बँकेतल्या आणि टेलिफोन ऑफिसातल्या बायकांनी त्या मनापासून नेसल्या. आजीने पहिली घेतली तेव्हा घरात कुरबुर झाली, ‘हे काय, साडी की पारदर्शक कागद’. पण त्या महिन्यापासून आजीचा रविवार तिचा झाला. स्त्रियांच्या नोकरीवर लिहिणारे लोक शिक्षणाबद्दल भरपूर लिहितात. खळ न लागणाऱ्या साडीबद्दल कुणी चार ओळी लिहिल्याचं आत्याच्या तरी वाचनात नाही.

यातली कारागिरीही समजून घे. जॉर्जेट किंवा क्रेपच्या धाग्याला विणण्याआधी भरपूर पीळ देतात. सुरतेत त्यासाठी वेगळे कारखाने आहेत. एक धागा उजव्या पिळाचा, एक डाव्या. विणून, रंगवून झाल्यावर हे धागे आपापल्या दिशेने आकसू बघतात आणि कापडावर बारीक खडबड उठते. त्या खडबडीत सुरकुती दिसत नाही. बॅगेत चोळामोळा करून ठेवलेला क्रेपचा कुर्ता झटकला की माणसात येतो, तो यामुळे. गुळगुळीत साटिन मात्र एकदा मांडीखाली दबलं की दिवसभर चुगली करतं.

नोकरीसाठी आणि प्रवासासाठी पेहराव बदलणारी तू काही पहिली नाहीस. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीत बसल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, आणि १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या. देशी पेहराव सोडायचा नाही हे ठरलेलं. पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि पेनसिल्व्हेनियाची थंडी पोटऱ्यांनाच आधी धरते. तेव्हा त्यांनी तोड काढली ती आत्याच्या या गावाजवळची: साडी गुजराती पद्धतीने नेसायची, घोट्यापर्यंत, आत परकर. व्रतही राहिलं आणि पायही झाकले गेले. कुणी विचारलं की नऊवारी काय वाईट होती, तर वाईट काहीच नव्हती. शेतात लावणी करायला, घोड्यावर बसायला काष्ट्याइतकं सोयीचं दुसरं वस्त्र नाही. कोकणातली किंवा देशावरची हवा आणि फिलाडेल्फियाची हवा यांत फरक होता, एवढंच.

तुझी हवा कोणती ते बघ. आठवडाभर बँकेत एसीखाली बसणं, दोन्ही वेळा सुरतेच्या दमट उन्हातून मोपेडवर जाणं-येणं, आणि सुटीच्या शनिवारी अमळनेरची गाडी. बारडोली, व्यारा, मग नवापूर, जिथे स्टेशनाचा एक भाग गुजरातेत आणि एक महाराष्ट्रात, मग नंदुरबार, दोंडाईचा. या तीन हवांना एकच कापड पुरत नाही.

ऑफिससाठी पॉली-कॉटन घे. तुझ्या बाबांचे टेरिकॉटचे शर्ट आठवतात ना? व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी १९४१ मध्ये पॉलिएस्टरचा धागा शोधला, त्याचं तिकडचं नाव टेरिलीन. त्यात सूत मिसळलं की झालं टेरिकॉट. साधारण दोन भाग पॉलिएस्टर, एक भाग सूत. इस्त्रीचा हात फिरवला की पुरे, आणि घाम थोडा तरी शोषतं. असे चार कुर्ते बस. उन्हाळ्यासाठी दोन निव्वळ सुती ठेव, त्यांना इस्त्री करावी लागेल हे मान्य करून. प्रवासाला आणि पावसाळ्याला क्रेप. पाऊस थांबेपर्यंत वाळूनही जातो. पंधरा नव्हे, नऊ-दहात वर्ष निघतं.

रेयॉनबद्दल मात्र सावध राहा. सध्या सगळीकडे तेच आहे, मऊ, झुळझुळीत, घामही पितं. कॅटलॉगवर ‘१४ किलो रेयॉन’ असं वाचून घाबरू नकोस. तो ड्रेसच्या वजनाचा आकडा नाही, कापड किती भरीव आहे त्याचा आहे. रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं, पिळलं की रडतं, आणि आधी आकसवून घेतलेलं नसेल तर पहिल्याच धुण्यात आटतं. आत्याने पहिल्या पगारात एका दुकानातून (नाव राहू दे) निळा रेयॉनचा ड्रेस घेतला होता. दुकानदार म्हणाला, ‘गॅरंटी, बहेन.’ दुसऱ्यांदा घालायच्या वेळी बाह्या मनगट सोडून कोपराच्या दिशेने निघाल्या होत्या. गॅरंटी कसली होती हे विचारायचं राहिलं होतं.

दुकानात नावांवर जाऊ नकोस. ‘लिनन’ म्हणून जे पुढे येतं ते पुष्कळदा लिननसारखं दिसणारं पॉलिएस्टर असतं, आणि ‘सिल्क’ हा शब्द तर सुरतेत रेशमाशी काही संबंध न ठेवताही सुखाने जगतो. कडेचा एक धागा मागून घे आणि बाहेर येऊन काडी लाव. कागद जळल्याचा वास आणि बोटांत विरणारी राख, तर सूत किंवा रेयॉन. केस जळल्याचा वास, तर खरं रेशीम. वितळून काळा कडक मणी झाला, तर पॉलिएस्टर. सूत की रेयॉन हा घोळ उरतो. त्यासाठी दुसरा धागा जिभेवर ओला करून ओढ. पटकन तुटला तर रेयॉन. बाजारातले जुने लोक असंच करतात, कुणी हसत नाही.

तो काळा मणी लक्षात ठेव, कारण तोच अंगावरही होऊ शकतो. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. घरी आल्यावर गॅसपाशी जाण्याआधी कपडे बदलायचे, निदान ओढणी काढून ठेवायची. इस्त्रीही कमी तापमानावर, उलट्या बाजूने. नाहीतर चकाकणारा डाग पडतो, तो पुन्हा जात नाही.

शिलाईबद्दल चार शब्द, आणि त्यावर आत्या अजिबात ऐकून घेणार नाही. कुर्त्याला उजव्या बाजूच्या शिवणीत खिसा हवाच, फोन आडवा मावेल एवढा. टेलर मास्तर म्हणतील, ‘बहेन, फॉल बिघडेल.’ बिघडू दे. पातळ कापडाला अस्तर सुतीच. वर क्रेप आणि आत पॉलिएस्टरचं अस्तर म्हणजे प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक. प्रवासात पलाझो नको. दिसतो छान, पण चालत्या गाडीच्या संडासात त्याचे दोन्ही पायघोळ पाय कुठे धरायचे हे कॅटलॉगातली पोरगी सांगत नाही. घोट्यापर्यंतची अरुंद पँट घे, कमरेला पुढून सपाट पट्टी आणि मागे इलॅस्टिक. नाडी अंधारात गाठ मारते.

मोपेडवर ओढणी गळ्याभोवती सोडून बसू नकोस. दुचाकीच्या मागच्या चाकाला कपडा अडकू नये म्हणून आडोसा असला पाहिजे, असं मोटार वाहन नियमातच आहे. पण तो नियम मागे बसणारीच्या साडीचा विचार करतो, पुढे चालवणारीच्या उडत्या ओढणीचा नाही. सुरतेच्या मुली चेहऱ्याभोवती सुती ओढणी घट्ट गुंडाळतात, टोकं आत खोचतात. तेच कर, बँकेत पोचल्यावर तीच एसीत खांद्यावर घे.

आणि डाग. इथल्या चांदनी पडव्याच्या सणाला कुणीतरी तुपकट घारी आणेलच, घरून आई शेवभाजीचा डबा देईलच. सुती कपड्यावरचा तेलकट डाग निदान विनवणी ऐकतो, पॉलिएस्टरवरचा मुरला की मुरला. पाणी लावायच्या आधी त्या जागी भांडी घासायचं लिक्विड चोळ, दहा मिनिटं थांब, मग धू. बॅगेत त्याची एक छोटी बाटली ठेव. हळद असेल तर धुवून कडक उन्हात टाक, ऊन पुष्कळसं काम करतं.

शुक्रवारी रात्रीच निघ, म्हणजे खरेदीला शनिवार पूर्ण मिळेल. रिंग रोडला जायचं नाही, तिथे बहुतेक माल घाऊक सुटतो. आपल्याला जायचंय चौटा बाजारात. अंगाला नीट बसणारा एक जुना कुर्ता मापाला आण. आणि आजीच्या पेटीतली ती जांभळ्या फुलांची गार्डन साडी मागून आण. आजी नाही म्हणेल, मग ‘आत्याने मागितली’ म्हण. साडेपाच मीटरांत बाह्यांसकट दोन कुर्ते आरामात निघतात असं मास्तर म्हणालेत. एक तुझा, एक आत्याचा. सुती अस्तर आत्या आजच आणून भिजत घालते, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल.

तुझी,
आत्या