थान एकच, शिलाई वेगळी : डेबियनमधून आपल्या कामाची संगणक-प्रणाली

कापडाच्या धंद्यातील माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. थान एकच असते. त्यातून एकाचा सदरा होतो, दुसऱ्याचा कुर्ता आणि तिसऱ्याच्या मुलाचा शाळेचा गणवेश. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कोणी नवा माग लावत नाही. संगणकाच्या बाबतीत हाच हिशेब कसा लागू पडतो, ते आज आम्ही आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे मांडीत आहोत.

विषय निकडीचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ संपले. दुकानातील पुष्कळ जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. चालू यंत्र भंगारात द्यावे की त्यावर दुसरी प्रणाली घालावी, हा प्रश्न म्हणूनच अनेकांपुढे आहे.

डेबियन म्हणजे काय?

१९९३ साली इयन मर्डॉक या तरुणाने डेबियनची सुरुवात केली. लिनक्सच्या गाभ्याभोवती लागणारे सर्व कार्यक्रम तपासून, एकमेकांशी जुळवून एका जागी ठेवणे हे तिचे काम. ती कोणा एका कंपनीची मिळकत नाही. जगभरातील स्वयंसेवक ती सांभाळतात आणि आपला प्रमुख मतदानाने निवडतात. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या १३ व्या आवृत्तीत ६९ हजारांहून अधिक पॅकेजेस, म्हणजे मालाचे गठ्ठे आहेत.

हिला ‘मुक्त’ म्हणतात ते किमतीवरून नव्हे. ती वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची, अगदी विकण्याचीही, मोकळीक आहे. मात्र तिच्यातील अनेक कार्यक्रमांच्या परवान्यात एक अट असते. बदललेला कार्यक्रम दुसऱ्याला दिलात, तर त्याची मूळ संहिताही त्याला मिळाली पाहिजे. बदल आपल्याच दुकानापुरता ठेवला तर हे बंधन येत नाही.

बस्त्याची यादी

६९ हजार गठ्ठ्यांच्या गोदामात डॉक्टरने किंवा शिक्षकाने आपला माल कसा शोधावा? डेबियनच्या मंडळींनी यावर सोपी युक्ती काढली. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी यादी पुढे करतात आणि दुकानदार त्याप्रमाणे माल काढतो. डेबियनमध्ये अशा यादीला ‘मेटापॅकेज’ म्हणतात. त्या गठ्ठ्यात स्वतःचा माल जवळजवळ नसतोच. कोणकोणते गठ्ठे हवेत एवढेच त्यात लिहिलेले असते. तो एक मागवला की बाकीचे आपोआप येतात. काही ठिकाणी त्या कामाचा मेनू आणि ठरावीक मांडणीही सोबत मिळते.

लहान मुलांसाठी ‘डेबियन ज्युनिअर’ २००० साली सुरू झाले. वैद्यकीय कामासाठी ‘डेबियन मेड’ २००२ साली आंद्रेआस टिल्ले यांनी सुरू केले. पुढे २०२४ साली तेच डेबियनचे प्रमुख निवडून आले. शाळांसाठी ‘डेबियन एज्यु’ आहे. या सर्वांना मिळून ‘प्युअर ब्लेंड’ म्हणतात. ‘प्युअर’ अशासाठी की, यातील प्रत्येक धागा डेबियनच्याच थानाचा असतो.

दोन वाटा

वेगळेपण आणण्याच्या वाटा दोन आहेत आणि त्यांतील फरक ध्यानात घेण्यासारखा आहे.

पहिली वाट थान उचलून आपल्या घरी नेण्याची. स्पेनमधील एक्स्त्रेमादुरा प्रांताच्या सरकारने २००२ साली डेबियनवरून ‘लिनएक्स’ ही प्रणाली काढली आणि शाळांतील हजारो संगणकांवर घातली. लोकांना ती आपली वाटावी म्हणून चित्रे काढण्याच्या कार्यक्रमाला त्याच मुलखात जन्मलेल्या सुर्बारान या चित्रकाराचे नाव दिले. काम मोठे होते, परंतु त्याचा सारा भार प्रांताच्या पाठबळावर होता. पुढे लिनएक्सचे काम थांबले.

दुसरी वाट मूळ गोदामातच आपला कप्पा मांडण्याची. नॉर्वेत २००१ साली ‘स्कोलेलिनक्स’ सुरू झाले. मुलांना मायबोलीत संगणक मिळावा आणि शाळांचे जुने संगणक एका सर्व्हरला जोडून कामी यावेत, हा हेतू होता. ही मंडळी डेबियन एज्युशी एकरूप झाली. आपले बदल त्यांनी मूळ डेबियनमध्येच जमा केले. त्यामुळे सुरक्षेची दुरुस्ती मूळ ठिकाणी झाली की ती शाळेतही पोहोचते.

आपल्या देशातही उदाहरणे आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेने २००७ साली डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही प्रणाली काढली. तिची शाळांसाठी वेगळी आवृत्तीही आहे. केरळच्या सरकारी शाळांसाठी २०१९ साली उबुंटूवर बेतलेली प्रणाली निघाली, आणि उबुंटू स्वतः डेबियनवर उभी आहे. मात्र सरकारची ताकद वेगळी आणि आपली वेगळी. लहान दुकानदाराने दुसरीच वाट धरावी.

आपल्या दुकानासाठी

१. आधी कागदावर यादी करा. गल्ल्यावर काय लागते, मुनीमजींना काय, डिझाइन काढणाऱ्याला काय? गल्ल्याच्या यंत्रावर बिल आणि प्रिंटर एवढेच दिसले तरी पुरे. मुनीमजींना लिबरऑफिस आणि ग्नूकॅश, तर नक्षीकाम व छपाईवाल्यांना इंकस्केप आणि गिंप उपयोगी पडतात.

२. डेबियनची ‘लाइव्ह’ आवृत्ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा. डिस्कला हात न लावता प्रिंटर, स्कॅनर, मराठी व उर्दू लिहिणे तपासता येते. नोटो या मुक्त टाइपसंचात देवनागरीही आहे आणि उर्दूचे नस्तालीक वळणही आहे. ३२-बिटच्या फार जुन्या पीसीवर १३ वी आवृत्ती बसत नाही, हेही आधी पाहून घ्या.

३. होईल तितका माल डेबियनच्याच गोदामातून घ्या. बाहेरून आणलेल्या प्रत्येक गठ्ठ्याच्या दुरुस्तीची जबाबदारी आपल्यावर येते.

४. केलेला प्रत्येक बदल लिहून ठेवा. ‘प्रीसीड’ नावाच्या फाइलीत उत्तरे आधीच भरली तर दुसऱ्या संगणकावर तीच मांडणी आपोआप होते. ‘लाइव्ह-बिल्ड’ या साधनाने आपल्या यादीची स्वतंत्र पेन ड्राइव्हही तयार करता येते. सांभाळणारा मुलगा नोकरी सोडून गेला तरी दुकान अडत नाही.

हिशेबाची खबरदारी

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. ज्यांची सारी खाती टॅलीत आहेत त्यांनी ते यंत्र तसेच राखावे आणि गल्ला, गोदाम, पत्रव्यवहार यांची यंत्रे आधी बदलावीत. आर्थिक वर्षाच्या मध्यावर खाती हलवू नयेत. बदल करायचाच झाला तर एक महिना जुनी व नवी पद्धत शेजारी शेजारी चालवून बेरजा ताडून पाहाव्यात. खात्यांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर ठेवावी, आणि ती उघडते की नाही हेही पाहावे. त्या खात्यांत आपल्याबरोबर गिऱ्हाइकांची आणि कारागिरांची देणीघेणी असतात. ती आपल्याकडे अमानत आहेत.

खर्चाचाही हिशेब ठेवावा. परवान्याचे पैसे वाचतात, पण मांडणी करणाऱ्याची मजुरी द्यावीच लागते. हा पैसा मोहल्ल्यातील शिकलेल्या मुलाच्या हाती गेला तर त्यालाही एक हुन्नर मिळेल. एका बाजारातील दहा दुकानांची गरज बहुधा सारखीच असते. दहा जणांनी मिळून एकच यादी बनवून घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला खर्च थोडा येईल, आणि एकाला सापडलेली चूक दहा जणांकडे दुरुस्त होईल.