नोकरी गेली म्हणतात, ते खरं का?

यवतमाळ,
8 जुलै 2025

चि. बापू,


आधी एका वाक्यात उत्तर दे, बाकीचं पत्र मग वाच. तुला नोकरीवरून काढलं, हे खरं का?

काल दिग्रसच्या काकूंचा फोन आला. त्यांच्या जावयाचा कोणी मित्र तुमच्याच कंपनीत आहे म्हणे. जून महिन्यात तिथे सप्तरंगी तोरणं लावून कार्यक्रम झाला आणि आमच्या बापूने माईक हातात घेऊन भरल्या हॉलमध्ये सांगितलं की मी गे आहे. इथपर्यंत काकू दबक्या आवाजात बोलल्या. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अन् लगेच राजीनामा लिहून घेतला म्हणे." त्यांना पहिली गोष्ट लपवायची वाटली आणि दुसरी सांगायची. माझं नेमकं उलटं झालं. राजीनाम्याचं ऐकून पोटात खड्डा पडला. पहिल्या गोष्टीचं मला नवल वाटलं नाही. ताईच्या लग्नात मामेकाका तुझ्यासाठी स्थळं मोजत होते, तेव्हा तू ताट अर्धवट टाकून गच्चीवर गेलास आणि विदाई होईपर्यंत खाली आला नाहीस. तुझ्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन मीच वर आले होते. तेव्हा तू काही बोलला नाहीस आणि मीही विचारलं नाही.

पण रागावणार मी आहेच. दर रविवारी फोन करतोस. माझे गुडघे, बाबांची शुगर, पऱ्हाटीला पाऊस झाला का, सगळं विचारतोस. आणि एवढी मोठी गोष्ट मला दिग्रसमार्गे कळावी? हॉलभर परक्यांना सांगायच्या आधी एका आत्याला सांगितलं असतंस, तर कोणतं आभाळ कोसळणार होतं? मी तर तुला पाचवीत शुद्धलेखनासाठी छडी मारलेली बाई. मला काय भ्यायचं होतं?

बरं, ते असो. मला काल रात्रभर झोप लागली नाही ती वेगळ्याच गोष्टीने. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तुझ्या खोलीवर कोण असतं? तुझ्यासोबत खोलीत राहणारा मुलगा बंगलोरला गेला, त्यानंतर दुसरा कोणी आला का? काही कमीजास्त झालं तर शेजारचं दार वाजवता येतं का?

तू म्हणशील, आत्या, आता कायदा आहे. आहे ना. मला ठाऊक आहे. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी 377 कलमातली तुमच्यावरची टांगती तलवार काढली. त्या खटल्यात आयआयटीचे आजीमाजी विद्यार्थीही अर्जदार होते, तुझ्यासारखीच शिकलेली पोरं. पण मी मराठीची बाई आहे, मला तुझ्यासारखाच दुसरा एक गे माणूस आठवतो. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस. आपल्या नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, कविता लिहायचे. विचार कर, दूर उत्तर प्रदेशात कोणी मराठी शिकवतंय याचंच आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना केवढं अप्रूप. 8 फेब्रुवारी 2010 च्या रात्री कॅमेरा घेऊन माणसं त्यांच्या घरात घुसली. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने घुसणाऱ्यांना सोडून त्यांनाच निलंबित केलं. निवृत्तीला काही महिने उरले होते. ते हायकोर्टात गेले. 1 एप्रिलला अलाहाबाद हायकोर्टाने निलंबनाला स्थगिती दिली. 7 एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले.

आता तारखा नीट बघ. दिल्ली हायकोर्टाने 377 बाबत तुमच्या बाजूने निकाल दिला होता जुलै 2009 मध्ये. म्हणजे सिरस सरांच्या दारावर ती माणसं आली तेव्हा तो निकाल झालेला होता. पुढे 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला, पण ते नंतरचं. हायकोर्टाने त्यांचं ऐकलंसुद्धा. तरी त्या घरात ते एकटेच होते. मनोज वाजपेयीने त्यांचं काम केलेला 'अलीगढ' सिनेमा मी टीव्हीवर पाहिला. तो आपल्या खोलीत एकटा गाणी ऐकत बसतो, तिथेच मी टीव्ही बंद केला. उरलेला अजून पाहिलेला नाही.

म्हणून पुन्हा विचारते, खोलीवर कोण असतं?

आता तू म्हणशील, मग गप्प बसायला हवं होतं का? तसं मी म्हणत नाही. मला ते म्हणायचा अधिकारच नाही. दारव्ह्याच्या सासरहून मी नेसत्या लुगड्यानिशी माहेरी आले ते तुला ऐकून माहीत आहे. पण त्यानंतर मला पहिली नोकरी लागली वणीला, आणि तिथे कुणालाच माहीत नव्हतं. मी मंगळसूत्र घालूनच रुजू झाले. स्टाफरूममध्ये बायका विचारायच्या, "सर कुठे असतात?" मी गडचिरोली म्हटलं. पुढे लोक म्हणू लागले, अजून बदली झाली नाही? मग मीच त्यांना किनवटला आणलं. दिवाळीला आले नाहीत म्हणून त्यांना कावीळही मीच काढली. एकदा त्यांची कावीळ मी विसरले आणि दुसरीने आठवण करून दिली, "अहो, त्यांना तेलकट चालत नाही ना?" संक्रांतीला वाण घ्यायला मला आवर्जून बोलवायच्या. मी जायची, पण त्यांना माझ्या खोलीवर बोलवायची नाही. खोलीत पुरुषाचा एक शर्टही नव्हता, आल्या असत्या तर लगेच कळलं असतं. टायफॉइड झाला तेव्हा घरमालकिणीच्या पोराने पेज आणून दिली. स्टाफपैकी कुणी आलं नाही. कसं येणार? मी कधी पत्ताच नीट दिला नव्हता.

त्या बायका वाईट नव्हत्या रे. त्यातली गणिताची बाई फार मोकळी होती, माझ्याच वयाची. तिच्याशी जिवाभावाची मैत्री झाली असती असं आजही वाटतं. पण तिला जी भेटली ती मी नव्हतेच, किनवटच्या इंजिनिअरची बायको होती. उमेदीची सगळी वर्षं अशी गेली. म्हणून तू माईक हातात घेतलास हे ऐकल्यावर, काकूंचा फोन ठेवल्यावर, मला वाईट नाही, थोडा हेवा वाटल्यासारखं झालं. कामाच्या जागी रोज एक खोटं सांभाळायचं म्हणजे पगार नसलेली दुसरी नोकरीच. तू ती सोडलीस, बरं केलंस.

पण नुसतं सोडून भागत नाही. कायदा कोर्टात असतो, ऑफिसात माणूस लागतो. आणि माणसाच्या हाताशी कागद लागतो. तू खाजगी कंपनीत आहेस. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी 2019 चा कायदा आहे, त्यात नोकरीतला भेदभाव खाजगी कंपनीलाही मना आहे आणि तक्रार ऐकायला अधिकारी नेमावा लागतो. तुझ्यासारख्या मुलाला खाजगी नोकरीत असं थेट कवच देणारा स्वतंत्र कायदा नाही. तिथे कंपनीचं स्वतःचं धोरणच काय ते. म्हणून जूनचं तोरण उतरल्यावर जुलैत काय उरतं ते बघ. धोरणाच्या कागदात "लैंगिक कल" हे शब्द लिहिलेत का? तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव लिहिलंय का? टाटा स्टीलने 2019 मध्येच अशा जोडीदारांना कर्मचाऱ्याच्या सवलती देऊ केल्या. तुमच्याकडे आहे का तसं? नसेल तर मागा, चारजण मिळून, लेखी. आणि साहेब कोणी काही बोलला तर त्याच रात्री तारीख घालून लिहून ठेव. मी पस्तीस वर्षं कॉलेजात काढली, तोंडी शब्दाला कोण विचारतो ते मला चांगलं माहीत आहे.

एक गोष्ट मी आजच करून आले. पेन्शनच्या निमित्ताने बँकेत गेले होते, तिथल्या मुलाला विचारलं, दोन पुरुषांना एकत्र खातं उघडता येतं का? तो म्हणाला, "कोणालाही येतं मॅडम, तुम्हाला कोणासोबत उघडायचंय?" अर्थखात्याने ऑगस्ट 2024 मध्ये तसा खुलासाच केला आहे, की तुमच्यासारख्यांना संयुक्त खातं आणि जोडीदाराला नॉमिनी करण्यावर बंधन नाही. लग्नाचं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2023 मध्ये नाही म्हटलं, ते आपल्या हातात नाही. नॉमिनीचा रकाना आहे. तो भर. सध्या कोणी नसेल तर माझं नाव घाल, पण कोरा ठेवू नकोस.

काकूंनी आणखी एक सांगितलं, तू दिवाळीत इथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांपुढे बोलायला येणार आहेस. ये. पण हे नीट ऐक. तिथे हात वर करायला कोणाला सांगू नकोस. तुझ्यामागे पुण्याचा पगार आहे. समोर बसलेला मारेगाव-झरीचा पोरगा बापाच्या कापसाच्या पैशावर शिकतो. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या एवढ्यावरून त्याला होस्टेलवर वर्षभर नाव पडेल, आणि ते गावी पोचलं तर त्याची फीच बंद होईल. कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, सांगायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. धाडस दुसऱ्याच्या नावावर करू नये. त्यापेक्षा आधी प्राचार्यांना भेट. यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत 2016 पासून लैंगिक कलावरून छळणं हेसुद्धा रॅगिंग आहे. ते फलकावर लावा म्हणावं. मुंबईच्या आयआयटीत 'साथी' नावाचा गट आहेच, तशी एक समंजस प्राध्यापिका इथेही मिळाली तर पुरे. नागपूरला सारथी ट्रस्ट आहे, त्यांचं नाव पोरांना दे. पुण्यात बिंदुमाधव खिऱ्यांचा समपथिक ट्रस्ट 2002 पासून आहे. तू तिकडे कधी गेलास का? गेला नसशील तर जा. भाषणासाठी नाही, चार माणसं ओळखीची होतील म्हणून.

तुझ्या आईला कोणीतरी नागपूरचा डॉक्टर सुचवला आहे, "बरं करून देतो" म्हणणारा. मी तिला सांगितलं, हा आजारच नाही असं भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर केलंय, आणि असले उपचार करणं हे वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच गैरवर्तन ठरवलंय. ती गप्प झाली. पटलं असं नाही, पण चिठ्ठी फाडली. तिच्यावर चिडू नकोस. तिला पोरगा उपाशी राहील एवढंच कळतं.

राहिले बाबा. आठवतं तुला, तू बारावीला होतास, 30 डिसेंबर 2017? आपल्याच यवतमाळचा, आयआयटीत शिकलेला आणि अमेरिकेत नोकरी करणारा मुलगा व्हिएतनामच्या आपल्या जोडीदाराशी इथल्या हॉटेलात विवाहबद्ध झाला. 377 तेव्हा जिवंत होतं. पेपरात आलं तेव्हा गावभर तीच चर्चा. बाबांनी पेपर घडी घालून उशीखाली ठेवला आणि तुला त्या दिवशी वाचायला दिला नाही. तुला वाटलं त्यांना किळस आली. मी त्यांची थोरली बहीण आहे, मी सांगते. रात्री त्यांनी मला विचारलं होतं, "अक्का, त्या पोराच्या बापाला लोक काय म्हणत असतील?" म्हणजे त्यांना तेव्हाच कुठेतरी उमगलं होतं. त्यांना बोलता येत नाही. आमच्या घरात कुणालाच येत नाही, बोलणारा तूच निघालास.

बाबांशी मी बोलते. तू आत्ता फोनवर त्यांना काही सांगू नकोस. दिवाळीत समोरासमोर सांग, मी शेजारी बसते.

नोकरी गेली असेल तर लाजू नकोस. माझी पेन्शन दोघांना पुरते, मागची खोली रिकामीच आहे, आणि तुझ्यासारख्याला दुसरी नोकरी लागायला वेळ लागणार नाही. गेली नसेल तर उद्यापासून डबा घेऊन चारजणांत बसून जेव. मी लायब्ररीत एकटी जेवायची, तसं करू नकोस.

खूप बोलले. हे पत्र मिळाल्यावर फोन कर, रविवारची वाट बघू नकोस. आणि खोलीवर कोणी असेलच, जो तुझी वाट बघत जेवायचा थांबतो असा कोणी, तर दिवाळीला त्याला घेऊन ये. मी पातोडीचा रस्सा करीन. त्याला आपलं वऱ्हाडी तिखट सोसतं का, तेवढं मात्र आधी कळव.

तुझी,
आत्या