दिवसा झोपणाऱ्या घरातली थंडी

अगं, तुझ्या घरात दिवसा रात्र असते, हे मला ठाऊक आहे. जावईबापूंची थर्ड शिफ्ट लागली की तुमच्या हॉलचे पडदे आठवडाभर उघडत नाहीत. मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, टीव्ही मुका. बाळ बालवाडीत गेलं की घरात तू आणि तुझा मोबाइल, पायावर ब्लँकेट. उन्हाळ्यात उकाडाच माणसाला बाहेर काढतो. थंडीत मात्र ती अंधारी खोली ऊबदार वाटायला लागते आणि बाई तिथेच रुतते. तू फोनवर म्हणालीस, ‘ताई, थंडीने अंग धरलंय, काही करावंसंच वाटत नाही.’ मला नाही तसं वाटत. बोईसरची थंडी ती कितीशी? रात्री पारा पंधरा-सोळाला टेकला की आपण स्वेटर शोधायला लागतो. खरी थंडी वर जव्हार-मोखाड्याला. तुझं अंग धरलंय ते अंधाराने आणि बसून राहण्याने. म्हणून आज जरा निवांत बोलू दे मला.

आणि हे तुझ्या एकटीचं नाही. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ सालचं, त्याच्या जोडीला एमआयडीसीचे कारखाने. या भागातली किती घरं पाळ्यांवर जगतात! त्या प्रत्येक घरात दिवसा झोपणारं एक माणूस असतं आणि त्याची झोप राखणारी एक बाई असते. झोपणाऱ्याच्या तब्येतीची काळजी सगळे करतात. झोप राखणारीला कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारतेय.

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. जूनच्या मानाने दिवस सव्वादोन तासांनी लहान. त्यातलाही बराचसा तू पडद्याआड काढतेस. सकाळचा उजेड डोळ्यांपर्यंत पोचला की शरीराला कळतं, दिवस सुरू झाला. रात्री झोप कधी यायची तेही त्यावरच ठरतं. तो उजेड मिळाला नाही की दिवसभर पेंग आणि रात्री एक वाजेपर्यंत डोळा टक्क उघडा. तुझं नेमकं हेच चाललंय. गंमत अशी, की ज्या कोवळ्या उन्हाची तुला गरज आहे तेच जावईबापूंनी टाळायला हवं. रात्रपाळी करून येताना डोळ्यांवर ऊन आलं की त्यांची झोप उडते. त्यांना येताना काळा चष्मा घालायला सांग. तू मात्र त्या उन्हात जा.

आपल्या आजीच्या घरी धुंधुरमास असायचा, आठवतो? सूर्य धनु राशीत असतो तो महिना, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत. उजाडता उजाडता आंघोळ, देवाला नैवेद्य आणि लगेच पानं. मुगाच्या डाळीची गरम खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, भरीत. तेव्हा वाटायचं, एवढ्या पहाटे कशाला उठवतात! आता वाटतं, तुझ्या घरासाठी याहून चांगला रिवाज नाही. पाळी सुटते सातला, ते घरी येतात साडेसातच्या आसपास. त्या वेळी चहा-बिस्किटं पुढे न करता गरम खिचडी-भाकरी वाढ आणि तूही त्यांच्याबरोबर बस. त्यांच्या दिवसाचं शेवटचं जेवण आणि तुझं पहिलं, एकाच पानाला. एरवी तुम्ही दोघं एकत्र जेवता तरी कधी? मग ते झोपतील. बाळाला बालवाडीत सोड आणि गच्चीवर जा. तुम्हाला एवढी मोठी गच्ची आहे आणि तिथे टाकीवाल्याशिवाय कुणी फिरकत नाही.

पण एक गोष्ट नीट ऐक. पहाटे पाचला उठून रस्त्याने चालायला जाऊ नकोस, कुणी कितीही सांगू दे. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि वर उबदार हवेचा थर पातेल्यावर झाकण ठेवावं तसा बसतो. कारखान्यांचा, ट्रकांचा, शेकोट्यांचा सगळा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची पाहणी केली, तिच्यात प्रदूषणात तारापूर सगळ्यात वर होतं. त्यामुळे हे मी उगाच भीती घालायला सांगत नाही. ऊन चढलं, जमीन तापली की झाकण उठतं. म्हणून खिडक्या रात्री आणि पहाटे बंद, साडेआठ-नऊनंतर उघड्या. चालणंही तेव्हाच. तुझ्या सासूबाईंना तर उजाडायच्या आत बाहेर सोडूच नकोस. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, आणि त्यांना गोळ्या आधीच चालू आहेत. त्यांना अकराच्या उन्हात खुर्ची टाकून दे, हात-पाय उघडे ठेवून बसू दे. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी दुपारच्या आसपासचं ऊन लागतं, आणि ते थेट कातडीवर पडावं लागतं. बंद खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाने अंग शेकतं, पण त्या कामाचे किरण काच अडवते.

आता गच्चीवर जाऊन करायचं काय? गोधडी शिव. हसू नकोस. तुझ्या कपाटात आईच्या जुन्या सुती साड्या आहेत, वर्षं झाली तू त्या नुसत्या घड्या बदलून ठेवतेस. चार काढ. गच्चीवर पसर, थर लाव, कडेने कच्चे टाके घाल आणि धावदोऱ्याने भरायला लाग. गोधडीचं काम उभं राहून पसरायचं, ओणवं होऊन ताणायचं, मांडी घालून शिवायचं, परत उठून दुसऱ्या बाजूला जायचं. कंबर, गुडघे, खांदे, बोटं, सगळ्यांना काम. आवाज शून्य, म्हणजे खाली झोपलेल्याला त्रास नाही. आणि मुख्य म्हणजे गोधडी एकटीने होत नाही. एक बाई टाके घालत बसली की दुसरी येते, ‘काय चाललंय?’ विचारते आणि पाच मिनिटांत सुई मागते. तुमच्या मजल्यावरची ती नंदुरबारकडची, खालची ती बिहारची, जिच्याशी तू दोन वर्षांत फक्त ‘पाणी आलं का?’ एवढंच बोललीस, दोघींच्याही गावाकडे जुन्या कपड्यांची पांघरुणं शिवतात. प्रत्येकीचा टाका वेगळा. बघ बोलणं कुठून कुठे जातं. बोईसरच्या बिल्डिंगांमध्ये सगळे बाहेरगावचे, म्हणून कुणी कुणाचं नाही असं तू म्हणतेस. मला वाटतं, एकत्र बसायला कुणी निमित्तच दिलेलं नाही.

फक्त अर्ध्या तासाच्या वर एका बैठकीत बसू नकोस. ऊठ, गच्चीला दोन फेऱ्या मार, पाणी पी. थंडीत तहान लागत नाही आणि दुपारी डोकं दुखलं की तू गोळी घेतेस. आधी तांब्याभर पाणी पिऊन बघ.

व्यायामाचं म्हणशील, तर जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला निदान दीडशे मिनिटं सांगते, श्वास थोडा वाढेल असं काहीही, आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारं काम. घरकामातलं झाडणं-पुसणं त्यात धर, पण त्याच्यावर भागवू नकोस. तुझ्या घराला सूर्यनमस्कार बरे. सतरंजीएवढी जागा, उड्या नाहीत, आवाज नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः रोज घालायचे आणि संस्थानातल्या शाळांमधून मुलामुलींकडून घालून घ्यायचे. बायकांनीही घालावेत हा त्यांचा आग्रह होता, आणि ती शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. तू चारापासून सुरू कर. मासिक पाळीत किंवा पाठ धरली असताना नको. रथसप्तमीपर्यंत बारावर आलीस तरी खूप झालं. आणि ‘मन झालं की करीन’ असं म्हणू नकोस. मन आधी होत नाही गं. अंग हललं की मागून मन येतं. आई गेली त्या वर्षी मी स्वतः हेच करून सावरले. रोज रडू यायचं आणि रडत रडत मी सतरंजी पसरायचे.

बाजारात स्वतः जा, ऑनलाइन मागवू नकोस. या दिवसांत पाड्यांवरच्या बाया सकाळी टोपल्या घेऊन येतात. वालाच्या शेंगा, कोनफळ, करांदे, रताळी, गावठी वांगी, मुळ्याच्या जुड्या. वर्षभरात एवढी ताजी भाजी पुन्हा दिसत नाही. त्यांच्याशी बोल, काय कसं शिजवायचं ते विचार. आमच्या केळवे-माहीमकडे या दिवसांत उकडहंडी लावतात, मडक्यात सगळे कंद आणि शेंगा वाटण लावून भरायच्या आणि मंद शिजू द्यायच्या. सोलायला, चिरायला तीन-चार बायका लागतात, आणि खाण्यातली अर्धी मजा त्या सोलण्यात आहे. डिंकाचे लाडू मी पाठवलेत, पण दिवसभर बसून तीन-तीन खाल्लेस तर ते अंगावरच बसतील. एक पुरे.

आता मनाचं. संध्याकाळी सहाला अंधार पडला की तू रील्स बघत बसतेस आणि नऊला म्हणतेस, डोकं रिकामं झालंय. ते रिकामं झालेलं नसतं, नको त्याने भरलेलं असतं. तू ज्या मुलखात राहतेस तो काही साधा मुलूख नाही. तासाभराच्या अंतरावर गंजाडचे जिव्या सोमा मशे होऊन गेले, ज्यांच्यामुळे वारली चित्रं जगभर पोचली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्याच्याही आधी पिढ्यान् पिढ्या ही चित्रं काढायच्या त्या बायकाच. लग्नघरात सवाशिणींनी भिंतीवर चौक लिहायचा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या काडीचं टोक चेचून. तू शाळेत असताना किती सुंदर चित्रं काढायचीस! गेरू आण, जाड कागदाला लाव, वाळला की पांढऱ्या रंगाने लिहायला बस. त्रिकोण, वर्तुळ, रेघ एवढंच लागतं. तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाचाचा फेर काढून बघ, एकामागे एक माणसं बसवताना मन कसं गोळा होतं ते कळेल. बाळालाही शेजारी काडी दे. पसारा करील, करू दे.

वाचायचं तर अनुताई वाघांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ मी आणते. ताराबाई मोडक आणि अनुताईंनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येत नाहीत, गुरं राखायला जातात, तर शाळाच कुरणात न्यायची, असं त्या बायांचं डोकं. कुरणशाळा म्हणायच्या तिला. अनुताईंना अगदी लहान वयात वैधव्य आलं होतं. घरात बसवून ठेवायला समाज टपलेलाच होता. त्या बसल्या नाहीत. मला निराश वाटलं की मी त्यांची पानं उघडते. सासूबाईंना वाचनाची ओढ आहे. त्यांना सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी दे. सोनोपंत इथल्याच माहीमचे, पालघरच्या कॉलेजाला त्यांचंच नाव आहे. रोज पाच ओव्या त्यांनी मोठ्याने वाचायच्या आणि तू ऐकायच्या. संध्याकाळी, जावईबापू उठल्यावर. तेही ऐकतील.

थर्ड संपून फर्स्ट लागली की मात्र एक दिवस घराबाहेर काढ. विरारची लोकल २०१३ साली डहाणूपर्यंत येऊ लागली, त्याला बरीच वर्षं झाली, आणि तू अजून बोर्डीचा किनारा पाहिलेला नाहीस! सुरूची झाडं, वाटेत घोलवडच्या चिकूच्या वाड्या. तेवढं जमत नसेल तर रिक्षाने चिंचणी. ओल्या वाळूवरून अनवाणी चाल.

एक गोष्ट मात्र गच्ची, गोधडी, सूर्यनमस्कार या कशानेही भागणारी नसते. दोन आठवड्यांच्या वर मन सतत काळवंडलेलं राहिलं, झोप आणि भूक दोन्ही गेली, बाळाला जवळ घ्यावंसं वाटेना किंवा जगणंच नको असं मनात आलं, तर ते आळसाचं लक्षण नाही आणि थंडीचंही नाही. तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. त्याच दिवशी मला सांग, रात्री दोनला सांग. मला सांगवत नसेल तर १४४१६ लाव, ती सरकारची टेलिमानस सेवा, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलतात. मग डॉक्टरांकडे आपण दोघी जाऊ.

संक्रांतीचं हळदीकुंकू या वर्षी गच्चीवर करू, भर उन्हात, दुपारी तीनला. घरात केलंस तर बायका दारातूनच वाण घेऊन पळतात. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे नकोत. सुईदोऱ्याची पुडी आणि वालाच्या बियांची पुरचुंडी देऊ, कुंडीत लावतील. तिळगुळाचं मी बघते. रविवारी सकाळच्या गाडीने येतेय, नऊपर्यंत बोईसरला उतरेन. सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली आधीच मागून ठेव, आणि त्या चार साड्यांमध्ये आईची ती जांभळी इरकल घालू नकोस, ती मला हवी आहे.