नाव एक, मासे अनेक : किनाऱ्यावरील वाम व अहीर ओळखण्याचा पाठ

एखादे नाव समोर आले की ते कोणत्या प्रदेशातील आहे, हे इतिहासाचा अभ्यासक प्रथम विचारतो. माशांच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारावा, असे आम्हांस वाटते. भीमा-गोदावरीच्या काठी ज्यास 'वाम' म्हणतात, तो गोड्या पाण्यातील मासा. त्याच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते. शास्त्रदृष्ट्या तो ईल कुळातला नव्हेच. कोकणच्या बंदरांवर विकली जाणारी 'वाम' मात्र समुद्रातील खरी ईल होय. देशावरून किनाऱ्यालगत स्थायिक झालेली आपली अनेक कुटुंबे सुट्टीच्या दिवशी मुलांसह खडपांवर गरवावयास जातात. गरीला लांबट, निसरडे काही लागले की ते केवळ नावावरून ओळखणे धोक्याचे ठरते. म्हणून पुढील खुणा क्रमाने पाहाव्यात.

पहिला प्रश्न : मासा की साप? कोकण किनाऱ्यावर विषारी समुद्रसाप आढळतात. सापाच्या सर्वांगावर खवले असतात, शेपूट वल्ह्यासारखे चपटे असते, कल्ल्याचे छिद्र नसते. ईलचे अंग बुळबुळीत असते, डोक्यामागे कल्ल्याचे छिद्र असते आणि बहुतेक जातींत पाठीवरून लांब पर गेलेला असतो. ही पाहणी दुरूनच करावी. शंका उरल्यास हात न लावता दोरी कापावी. दंश झालाच, तर तो अवयव हलू न देता तत्काळ रुग्णालय गाठावे. समुद्रसापाच्या दंशाची जागा अनेकदा फारशी दुखत नाही; म्हणून ती किरकोळ समजू नये.

दुसरा प्रश्न : कल्ल्यामागे छातीचे पर आहेत काय? ते नसतील, कल्ल्याचे छिद्र लहान व गोल असेल आणि प्राणी कातळाच्या कपारीतून निघाला असेल, तर ती बहुधा मोरे ईल. तिच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते व ती पुढे येऊन भक्ष्य आत ओढते, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. तिच्या तोंडातून गरी हाताने काढू नये.

तिसरा प्रश्न : पाठीचा पर कोठून सुरू होतो? समुद्रातील वामीचा पर छातीच्या परांजवळच सुरू होतो. तिचे अंग रुपेरी, डोळे मोठे व तोंड लांब असते. वरचा जबडा खालच्याच्या पुढे येतो आणि आत सुळ्यांसारखे दात असतात. अहिराचा पर छातीच्या परांच्या बराच मागे सुरू होतो व खालचा जबडा किंचित पुढे असतो. त्याच्या दोन जाती आपल्याकडे आढळतात. एकीच्या अंगावर ठिपक्यांची नक्षी असते; दुसरी एकरंगी असून तिचा पर जवळजवळ गुदद्वाराच्या वरच सुरू होतो.

चौथा प्रश्न : शेपटीचे टोक कसे आहे? ते टणक, अणकुचीदार व परविरहित असेल, तर ती वाळूत शेपटीने शिरणारी सर्प-ईल होय. दिसण्यात ती सापाजवळ जाते, म्हणून पहिला प्रश्न तिच्यापाशी पुन्हा विचारावा.

ही ओळख केवळ आपल्या सुरक्षिततेसाठी नाही. अहीर नदीत वाढतो, पण प्रजननासाठी समुद्रात जातो. आयुष्यात एकदाच प्रजनन करून मरतो. खाडीच्या मुखाशी सापडलेला मोठा अहीर कदाचित त्याच प्रवासास निघालेला असतो. त्याची पिले पुन्हा नद्यांत चढतात, परंतु धरणांमुळे त्यांची वाट अडते. दोन्ही जाती आंतरराष्ट्रीय सूचीत 'संकटसमीप' म्हणून नोंदल्या आहेत. वाम ही बाजारातील नेहमीची मासळी आहे, ती घरी न्यावी. अहीर मात्र ओळखून पाण्यात सोडावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

ॲरिस्टॉटलसारख्या विचारवंतासही ईलची अंडी कधी दिसली नाहीत. ती चिखलातून उपजते, असा त्याने निष्कर्ष काढला व तो शतकानुशतके प्रमाण मानला गेला. थोरांनी सांगितले म्हणून किंवा गावात तसे म्हणतात म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही. आपल्या मुलांनी पर, जबडा, कल्ला व शेपूट स्वतः पाहावे, मगच नाव उच्चारावे. हीच शास्त्रीय दृष्टी होय.