नवा राउटर घ्यावा का?

आजकाल अनेक घरांत वाय-फाय म्हणजे बिनतारी इंटरनेट आले आहे. बाहेरून एक तार घरात येते. ती एका लहान पेटीला जोडतात. या पेटीला राउटर म्हणतात. राउटर रेडिओलहरींच्या मदतीने फोन आणि संगणक यांना इंटरनेटशी जोडतो. बाजारात स्वस्त राउटर मिळतात, तसेच महागही मिळतात. महाग राउटरच्या खोक्यावर वेगाचा मोठा आकडा छापलेला असतो. तो पाहून वाटते, हाच घ्यावा. पण पैसे देण्यापूर्वी विचार करावा. तो कसा करावा, हे या पाठात पाहू.

इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये मोजतात. एका सेकंदात किती मेगाबिट माहिती आली, तो वेग. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून ४० मेगाबिट वेग असेल, तर सेकंदाला ५ मेगाबाइट माहिती येते.

'वाय-फाय' हे नाव १९९९ साली मिळाले. त्या वर्षीच्या 'बी' प्रकाराचा वेग ११ मेगाबिट होता. २००३ साली 'जी' प्रकार आला. त्याचा वेग ५४ मेगाबिट झाला. २००९ सालच्या 'एन' प्रकारात तो ६०० मेगाबिटपर्यंत गेला. त्यानंतर आणखी वेगवान प्रकार आले. पण हे आकडे सर्वांत चांगल्या परिस्थितीतले असतात. घरात प्रत्यक्ष मिळणारा वेग त्याहून बराच कमी असतो.

आता एक प्रश्न. नगरपालिकेच्या नळाची नळी अर्ध्या इंचाची आहे. घरात आपण दोन इंचाची नळी बसवली. मग पाणी जास्त येईल का? नाही! नळातून जेवढे येते, तेवढेच घरात येणार. इंटरनेटचेही तसेच आहे. बाहेरून ४० मेगाबिट येत असतील, तर हजार मेगाबिटचा राउटर घेऊनही बाहेरचे ४० मेगाबिट वाढणार नाहीत.

मालेगावातील एका घराचे उदाहरण घेऊ. अब्बा यंत्रमागावर काम करतात. आपा बारावीत शिकते. तिच्या शिकवणीचे वर्ग इंटरनेटवर भरतात. ती आतल्या खोलीत अभ्यासाला बसते, पण तिथे चित्र सारखे थांबते. बोलणे तुटते. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती.

अब्बा म्हणाले, "बेटा, तुझा अभ्यास बुडायला नको. चार हजारांचा नवा राउटर आणू या."

अम्मी काहीच बोलल्या नाहीत. शिवणयंत्रासाठी त्यांनी पै पै करून तेवढेच पैसे जमवले होते.

आपाच्या ते लक्षात आले. ती म्हणाली, "अब्बा, घाई करू नका. आधी वेग मोजून तर पाहू. दोष कुठे आहे ते कळेल."

तिने शेजारच्या चाचांचा संगणक आणून राउटरला तारेने जोडला. वेग ३८ मेगाबिट भरला. मग फोन घेऊन ती राउटरजवळ उभी राहिली. वेग ३७ भरला. शेवटी ती आतल्या खोलीत गेली. तिथे वेग फक्त ६ मेगाबिट होता!

आपा म्हणाली, "पाहा अब्बा, आपली जोडणी ४० मेगाबिटची आहे. राउटर जवळून जवळजवळ तेवढा वेग देतो. म्हणजे राउटर मंद नाही. वेग वाटेतच कमी होतो."

"वाटेत काय आहे?" अब्बांनी विचारले.

"राउटर जमिनीवर, लोखंडी कपाटामागे आहे. लोखंड लहरींना अडवते. भिंतींतून जातानाही त्या क्षीण होतात."

अब्बांनी दीडशे रुपयांची लांब तार आणली. राउटर दोन खोल्यांच्या मध्ये, उंच फळीवर ठेवला. पुन्हा वेग मोजला. आतल्या खोलीत आता २५ मेगाबिट मिळू लागले. स्पष्ट चित्रासाठी साधारण ५ मेगाबिट पुरतात. आपाचे वर्ग नीट चालू लागले. अम्मींचे पैसे शिवणयंत्रासाठी शिल्लक राहिले.

मग वेगवान राउटर कोणीच घेऊ नये का? तसे नाही. शेजारचे चाचा लग्नांचे चित्रीकरण करतात. त्यांचे दोन संगणक दोन मजल्यांवर आहेत. एका लग्नाचे ३० गिगाबाइट चित्रीकरण एका संगणकातून दुसऱ्यात पाठवावे लागते. हे काम घरातल्या घरात होते. त्यात बाहेरच्या जोडणीचा संबंध येत नाही. ४० मेगाबिट वेगाने त्याला १०० मिनिटे लागत. ४०० मेगाबिट वेगाने ते १० मिनिटांत होते. त्यांचे दोन्ही संगणक नव्या प्रकाराचे आहेत. म्हणून चाचांना महाग राउटर परवडला. वाचलेल्या वेळात ते जास्त काम घेऊ शकतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. जुना फोन नव्या राउटरवर चालतो, पण आपल्या जुन्याच वेगाने. शिवाय वेगवान राउटर बहुधा ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. या लहरी भिंतींतून २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींइतक्या चांगल्या जात नाहीत. त्यामुळे दूरच्या खोलीत त्यांचा लाभ कमी होतो.

म्हणून खरेदीपूर्वी चार प्रश्न विचारावेत. बाहेरून वेग किती येतो? राउटरजवळ आणि दूर तो किती मिळतो? आपली उपकरणे नवा वेग घेऊ शकतात का? त्या वेगाचे आपल्याला काम काय? या उत्तरांवरून पैसे खर्च करावेत की नाही, ते ठरवावे.

शब्दार्थ
बिनतारी – तारेशिवाय चालणारे
क्षीण होणे – कमजोर होणे
पै पै करून – थोडे थोडे साठवून
परवडणे – खर्चाच्या मानाने फायद्याचे ठरणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) राउटरचे काम कोणते?
(आ) अम्मी गप्प का राहिल्या?
२. कारणे द्या.
(अ) आतल्या खोलीत वेग कमी मिळत होता.
(आ) चाचांना महाग राउटर परवडला.
३. ८० मेगाबिट वेगाने ६०० मेगाबाइट माहिती यायला किती सेकंद लागतील?
४. 'लक्षात येणे', 'घाई करणे' यांचा वाक्यात उपयोग करा.